पाटे दबलेले ट्रक

शेअर बाजारात माणसं लालचीपायी बुडतात म्हणे. मी बुडालो ते अभ्यास केला म्हणून. अभ्यास हा माझ्या बाबतीत नवीनच प्रकार होता. शाळेत मी चौथीपर्यंत गेलो, त्यात तिसरी दोनदा.

बोईसरला रिक्षा चालवतो मी. स्टेशन ते फॅक्टऱ्या, फॅक्टऱ्या ते स्टेशन. घर तारापूरकडं, किनाऱ्याला. बाप बोटीवर होता. मलाही न्यायचा, पण मला बोट लागायची. कोळ्याच्या पोराला बोट लागते म्हटल्यावर गावानं एवढं हसून घेतलं की शेवटी बापच म्हणाला, तू जमिनीवरचं काय ते बघ. बायको मासळी विकते. फॅक्टऱ्यांची दुपारची शिफ्ट सुटते तेव्हा गेटासमोर पाटी घेऊन बसते.

शेअरचं वेड मला एका रोजच्या पॅसेंजरनं लावलं. एका कंपनीत हिशोबाला होता. तो म्हणाला, "नुसता भाव बघून शेअर घेऊ नका. आधी कंपनी बघा. तिचा ताळेबंद वाचा."

मी विचारलं, "ज्याला वाचता येत नाय त्यानं?"

"त्यानं घेऊच नये."

यातलं मला "कंपनी बघा" एवढंच पटलं. कंपन्या तर मी दिवसभर बघतोय. मुंबईतले लोक एसीत बसून कागदावर कंपनी बघतात, मी तिच्या गेटाला रिक्षा लावतो. माझ्याएवढी माहिती कुणाला असणार, असं मला मनापासून वाटायला लागलं.

पद्धत मी बापाची घेतली. दुसऱ्याची बोट खाडीत शिरायची तेव्हा तो काठावरनंच सांगायचा, भरून आलीय का रिकामी. बोट पाण्यात किती बसलीय त्यावरनं कळतं. मी तेच ट्रकला लावलं. ट्रक गेटातनं बाहेर पडला की मागच्या चाकावरचे स्प्रिंगचे पाटे बघायचे. पाटे दबले म्हणजे माल भरलाय. माल भरलाय म्हणजे विकला गेलाय. विकला गेलाय म्हणजे शेअर वर जाणार. यात कुठं खोट हाय ते मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याला रिक्षातनं उतरवलं असतं.

कापडाचे रंग बनवणारी एक कंपनी माझ्या नजरेत भरली. तिचा एकेक ट्रक असा दबून बाहेर यायचा की रस्ता खचेल. पंधरा दिवस मी तिच्यासमोर उभा होतो. पॅसेंजर विचारायचे, "येतो का स्टेशनला?" मी हातानंच सांगायचो, दुसरी बघा. एकदा पाटे नीट दिसावेत म्हणून मी उभ्या ट्रकखाली वाकलो, तर वॉचमननं कॉलर धरली.

"क्या निकाल रहा है नीचे से?"

"कुछ नहीं. पाटा देखता हूँ."

"तेरा ट्रक है?"

"नहीं. कंपनी में पैसा डालना है."

त्यानं मला केबिनमधे तासभर बसवून ठेवलं. डिझेलचोर त्यानं बरेच बघितले होते, असं उत्तर देणारा पहिलाच.

माझ्याजवळ होतं तेवढ्याचे शेअर मी घेतले. फोनवरची बटणं त्या हिशोबवाल्यानंच दाबली. "माझं ऐकलं नाय ना," असं म्हणत दाबली. पण तेवढ्यानं माझं भागेना. बायकोकडं फ्रीजरचे पैसे होते. संध्याकाळी उरलेली मासळी तिला अर्ध्या भावात द्यायला लागायची, नायतर मीठ लावून वाळत घालायला लागायची. फ्रीजर आला की तो जाच संपणार होता. त्यासाठी दोन वर्षं ती पै पै बाजूला ठेवत होती.

मी म्हटलं, "ते पैसे मला दे. दिवाळीला दोन फ्रीजर आणू."

"दुसरा ठेवायला जागा नाय."

"मग एकच मोठा आणू."

"तुमी आधी मला तो ट्रक दाखवा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पाटीसकट तिला घेऊन गेलो. थोड्या वेळात एक ट्रक बाहेर आला, पार दबलेला. मी पोरगी दाखवायला आणल्यासारखे तिला पाटे दाखवले. तिनं पाट्यांकडं बघितलंसुद्धा नाय. ड्रायव्हर पावती दाखवायला थांबला होता, सरळ त्याच्याकडं गेली.

"भैया, माल किधर जाता?"

"मनोर, भाभी."

"उधर कौन लेता?"

"लेगा कौन? गोडाउन है. तीन भर गये, अब चौथे में डाल रहे हैं." मग त्यानं पाटीत वाकून बघितलं. "ये मांदेली ताजी है?"

तिनं त्याला मांदेलीचा वाटा दिला आणि माझ्याकडं आली.

"अवो, बोट भरून आली तेवढंच बघितलं तुमी. काठावर घेणारं कोण उभं हाय ते कोण बघणार? हा सगळा माल बर्फावर पडलाय."

पंधरा दिवसांत एकाही ड्रायव्हरला मी हे विचारलं नव्हतं. तरी मागं हटलो नाय. म्हटलं, "रंग काय मासळीसारखा सडतो काय?"

"नाय सडत. म्हणून तर गोडाऊन भरेपर्यंत वास नाय आला," ती म्हणाली आणि पैशाचा डबा माहेरी नेऊन ठेवला.

पुढचा महिनाभर शेअर चढला. सगळ्याच बाजारात तेजी होती, पण मला वाटलं ती मीच आणली. रोज जेवताना मी तिला भाव सांगायचो.

"एवढा वर गेला तर विका ना," ती म्हणायची.

"आत्ता? अजून चार ट्रक जाऊ दे."

मग कंपनीचे तिमाही विक्रीचे आकडे आले आणि शेअर असा बसला की माझे निम्मे पैसेही राहिले नाय.  त्या रात्री भात वाढताना बायकोनं शांतपणे विचारलं, "पाटे कसे हायत?"

फ्रीजर दसऱ्याला आला, तिच्या पैशानं. घरात तो माझ्या खाटेच्या जागेवरच बसत होता, म्हणून मी आता पडवीत झोपतो. माझे शेअर विकून आलेल्या पैशात तिनं माल भरला. तेवढ्या पैशात फ्रीजरचा नुसता तळ झाकला, वर हात फिरवायला जागा उरली.

स्टँडवरचे रिक्षावाले अजून मला विचारतात, कुठली कंपनी घेऊ. मी त्यांना गेटावर बायकोकडं पाठवतो. ड्रायव्हर, वॉचमन, कामगार, सगळे तिच्याशी बोलतात, त्यामुळं तिला बरंच ठाऊक असतं. सांगतेही. पण आधी वाटा घ्यायला लागतो, आणि हल्ली ती पापलेटच पुढं करते.