मालिशचं भांडण

पंचफुला सिस्टर सरकारी नोकरीत आहे, पण भांडणं लावण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. डोणगावच्या बाजारात दोन बायका गुण्यागोविंदानं बोलताना दिसल्या तरी तिला चैन पडत नाही. मी तिच्याच आरोग्य केंद्रात औषधं वाटतो, त्यामुळे रोज पाहतो.

हे कसब कामी आलं ते बाळांच्या एचआयव्ही तपासणीचं मशीन आल्यावर. पूर्वी रक्ताचे थेंब लांबच्या शहरात जायचे, उत्तर येईस्तोवर महिने जायचे आणि लागण झालेल्या बाळाचं औषध तेवढं लांबायचं. आता टाचेतून थेंब घेतला की तासाभरात कळतं. पण त्या तासाचं खरं कारण घरच्यांना सांगता येत नाही, आणि लस टोचून झाल्यावर सोबत आलेली सासू विचारणारच, "आता काऊन थांबायचं?"

एके दिवशी प्रेरणाचं दीड महिन्याचं बाळ तपासणीला आलं होतं. प्रेरणाला एचआयव्ही आहे हे तिच्या नवऱ्याला आणि आम्हालाच ठाऊक. सासूला, शालूबाईला, कळलं तर ती घराबाहेर काढेल, या धास्तीनं पोरगी पांढरीफटक पडली होती. सिस्टरनं मशीन सुरू केलं, वजन करायचं सांगून प्रेरणाला बाळासह आत बसवलं आणि बाहेर येऊन नूरबीला, दुसऱ्या एका बाळाच्या आजीला, विचारलं, "काहो मावशी, शालूबाई म्हणते, खोबरेल तेलानं लेकरू काळं पडते. खरं हाय का?"

शालूबाई असलं काही बोललीच नव्हती. पण नूरबी खोबरेलाची निघाली आणि शालूबाई तिळाच्या तेलाची. भांडण जरा थंड झालं की सिस्टर हळूच जवसाचं नाव काढायची. माझ्या गोळ्या मोजायच्या राहिल्या.

बाळाच्या रक्तात विषाणू सापडला नाही. पुढच्या तपासण्या बाकी होत्या, तरी प्रेरणा तोंडाला पदर लावून रडली. भिंतीपलीकडून ऐकत मी त्याच गोळ्या पुन्हा मोजल्या.

सिस्टर बाहेर आली आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "झालं लेकराचं वजन."

शालूबाईनं तिला कोपऱ्यात ओढलं. "वजन राहू दे. लेकरू चांगलं हाय ना? सुनेच्या दुखण्याचं पोरानं मले कवाच सांगतलं. भांडू भांडू घसा सुकला माहा. अन् मले तर खोबरेलच आवडते."

सिस्टरलाच कुणी गंडवलेलं मी प्रथमच पाहिलं. तिनं विचारलं, "मंग सुनेले काऊन नाही बोलल्या?"

"पोरगी मले भेते. वाटलं, आपणहून सांगेल."

"लेकराचं त्याच्या मायलेच विचारा," सिस्टर म्हणाली.

शालूबाई आत गेली. प्रेरणानं घाबरून बाळ पुढे केलं. शालूबाईनं बाळ घेतलं नाही, आधी सुनेलाच जवळ घेतलं.