फोनवरून बसवलेली टायमिंग चेन

“अहो आबा, इंजिन आहे ते, बॉम्ब नाही. दाबा सेल्फ!”

हे मी म्हणालो. एका हातात फोन, दुसऱ्या हातात पुरीचा घास. जामनेरजवळ मित्राच्या मळ्यात भरीत पार्टी चालली होती. जळगावात सव्वीस वर्षं गाड्या खोलणारा मी मिस्त्री, स्पीकर चालू करून चारचौघांत शायनिंग मारत होतो.

आबा माझे जुने गिऱ्हाईक. वरणगावच्या कारखान्यात फिटर होते, आता यावलला मुलीकडे राहतात. मुलगी नर्स. तिच्या मोटरसायकलची टायमिंग चेन आवाज करत होती, ती त्यांनी घरीच बदलायला घेतली. ही चेन इंजिनाच्या आत असते. खाली पिस्टन, वर व्हॉल्व्ह; दोघांची वेळ ती जुळवून ठेवते. वेळ फार चुकली तर दोघं एकमेकांवर आदळतात. म्हणून खालची-वरची खूण जुळवूनच चेन बसवायची. आणि सेल्फ मारण्याआधी पान्यानं, हातानं इंजिन दोन फेरे फिरवायचं. अडलं की थांबायचं. हे मी गॅरेजमध्ये सगळ्यांना ओरडून ओरडून सांगतो.

“बठ्ठं बसी गयं भाऊ, पण वरली खूण पुढे दिसस,” आबा म्हणाले होते. “हातानी फिराई देखू का?”

सगळं बसलं म्हणत होते, पण खूण किती पुढे, एवढंसुद्धा मी विचारलं नाही. दाबा म्हटलं.

फोनमधून आधी घर्र, मग खट्ट. मग काहीच नाही.

तो आवाज मी ओळखतो. घास तसाच ताटात टाकला आणि गाडीला किक मारली.

यावलला पोचलो तर आबा अंगणात इंजिनासमोर बसलेले. वरचं कव्हर काढलं. खूण चक्राच्या तीन दातांनी पुढे! मग इंजिनाचं हेड उतरवलं. दोन्ही व्हॉल्व्ह वाकलेले, पिस्टनच्या डोक्यावर घाव. बाप रे! आणि हे सगळं माझ्या एका शब्दावर.

तेवढ्यात आबांची मुलगी, ताई, ड्यूटीवरून आल्या. सकाळी त्यांना सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर लसीकरणाला जायचं होतं. तिकडे एसटी जात नाही.

“आबा, काय झालं?”

“मनी चूक शे, पोरी. मी घाई कयी.”

आबा चूक स्वतःवर घेत होते, माझं नावच घेत नव्हते!

“नाही ताई. ते हातानं फिरवून बघतो म्हणत होते. मीच फोनवरून दाबा म्हटलं.”

ताईंनी एक वाकडा व्हॉल्व्ह उचलून बघितला. मग म्हणाल्या, “भाऊ, पेशंट न बघता आम्ही फोनवर असं काही सांगितलं असतं, तर?”

माझ्या गाडीची किल्ली त्यांच्या हातावर ठेवली आणि एसटीनं जळगावला आलो.

चार दिवसांत नवे व्हॉल्व्ह-पिस्टन घालून त्यांची गाडी चालू करून दिली. आता कुणीही फोनवर काही विचारलं की माझं एकच उत्तर: हात लावू नका, मी येतो. लोक म्हणतात, मिस्त्री लई भाव खातो. म्हणू द्या.