अधिक महिन्यातलं मेहूण

बंगळूरच्या बसवनगुडीत आमच्या संस्थेला वरची खोली देणाऱ्या भागीरथीबाईंचा मला भारी धाक. वय सत्तरीपुढे, कान तिखट, जीभ त्याहून तिखट. खोली घेताना मी ‘तरुण मुलांची संस्था’ एवढंच सांगितलं होतं. मुलग्यांवर जीव जडलेले मुलगे, मुलींवर जडलेल्या मुली, घरच्यांनी हाकललेली ही पोरं रविवारी जमतात, रडतात, उपीट खातात, हे कशाला सांगू? कळलं की खोली गेली. आणि दुसरी देणार कोण, माझा सासरा?

संस्था मी आणि हयवदन चालवतो. बाईंना सांगितलेलं, आम्ही मित्र.

अधिक महिन्यात बाईंना मेहूण जेवायला घालायचं होतं. नवराबायको जोडीनं पाटावर, वर अनारशांचं वाण. ठरलेलं जोडपं म्हणजे पुतण्या गिरीधर नि त्याची बायको, ते अडकले यशवंतपूरच्या ट्रॅफिकमध्ये. भटजींना पुढं राजाजीनगर गाठायचं होतं. ते सारखे घड्याळ बघत होते.

बाई जिन्यातून ओरडल्या, “राजस, हयवदन, खाली या!”

गेलो.

“तुम्ही दोघं जोडपंच ना?”

हयवदन, शहाणा कुठला, म्हणाला, “हो अक्का.”

मेलो! मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं.

“मग बघताय काय? हातपाय धुवा. पोळ्या निवताहेत.”

भटजी चिरकले, “अहो, यात बायको कोण?”

“गोत्र विचारा आधी, गोत्र!” बाई गरजल्या.

हयवदनचं काश्यप, माझं भारद्वाज.

“वेगळं आहे की! सरी, बरं, मग अडतंय कुठं?”

भटजींनी पुन्हा घड्याळ बघितलं. आणि संकल्प सांगितला. डावीकडच्या पाटावर मी होतो, म्हणून खणानारळाची ओटी माझ्या उपरण्यात पडली. हळदीकुंकू दाढीला लागलं. हयवदनला हसून हसून ठसका लागला. गिरीधर पोचला तेव्हा आमची तिसरी पोळी चालू होती. “स्वल्प थांब,” म्हणून बाईंनी त्यालाच तूप वाढायला लावलं.

पाया पडताना मला रडूच आलं. “अक्का, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?”

“रविवारी वर पोरं रडतात, सगळं बोलतात, खाली ऐकू येतं. मी काय बहिरी आहे? आणि हे बघा, पुढच्या अधिकालाही तुम्हीच. तीन वर्षं आहेत. तोवर भांडून खोली सोडलीत, तर या वयात मी दुसरं मेहूण कुठून आणू?”