परत आला म्हणजे नापासच

अमेरिकेतून शिकून मी जळगाव स्टेशनावर उतरलो, तेव्हा न्यायला आलेल्या माणसांनी आधी माझ्या मागे पाहिलं. डब्याच्या दारातून माझ्यानंतर कोण उतरतं, याची ते वाट पाहत होते. माझ्यानंतर एक मारवाडी आजोबा उतरले आणि त्यांचं गाठोडं उतरलं. काकांनी मला जवळ घेतलं आणि कानाशी विचारलं, "एकटाच ना?"

"एकटाच."

"नाही, मुंबईला ठेवून आला असशील तर सांग. आताच सांग."

आमचं गाव यावलजवळ. घरची केळीची बाग. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मी पास झाल्याचं कळताच गावभर पेढे वाटले होते. पेढे सगळ्यांनी खाल्ले, पण मी परत आलो आणि गावाला संशय आला. त्या काळी आमच्याकडे विलायतेच्या शिक्षणाबद्दल काही गोष्टी ठरलेल्या होत्या. तिथलं सरकार विद्यार्थ्याला फुकट पोसतं. तिथं सहा महिन्यांत मडम गळ्यात पडते. आणि जो पास होतो त्याला ते लोक सोडत नाहीत, मोठी नोकरी देऊन ठेवून घेतात. परत पाठवतात ते नापासांना.

गावात अमेरिका कुणी पाहिली नव्हती, पण रेशनवरची अमेरिकेची लाल मिलो ज्वारी सगळ्यांनी खाल्ली होती. तिची भाकरी थापताना तुटायची. न्हावी माझ्या गालाला साबण लावता लावता म्हणायचा, "हेच खाऊन शिकतात का भो तिकडं? मग नापास होणारच माणूस." दुकानातले हसायचे आणि आरशातून माझ्या तोंडाकडे पाहायचे.

मीही त्यांना कारणं पुरवत होतो. नोकरीसाठी अर्ज केले होते, उत्तर येत नव्हतं. मी घरी बसून होतो. त्यात जेवण झालं की ताट उचलून मोरीत नेऊन विसळायचो. तिकडे आम्ही पाच जण एका घरात राहत होतो, ज्याचं त्यानं धुवायचं असा नियम होता आणि हाताला सवय लागली होती. आई ताट हिसकावून घ्यायची. "ठेव ते! कुणी पाहिलं तर काय म्हणंल?" पाहणाऱ्यांनी पाहिलंच. बायका म्हणाल्या, मडमीनं लावलेलं वळण आहे. पुरुष म्हणाले, हॉटेलात भांडी घासत होता, कॉलेजबिलेज काही नाही.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं, पण धाकट्या बहिणीचं लग्न ठरायचं होतं. शिरपूरकडचं स्थळ होतं. घर कापसाचं, मुलगा शांत. पाहण्याच्या वेळी मुलानं तिला, तुम्हाला काय वाचायला आवडतं, असं विचारलं होतं. असं विचारणारा माणूस तिला पहिल्यांदाच भेटला होता. ते आईला सांगताना तिचा चेहरा मी पाहिला होता. पण पुढचा निरोप येत नव्हता. माझ्या नावाच्या गोष्टी शिरपूरपर्यंत पोचल्या असणार, हे आम्ही सगळेच जाणून होतो. ती मला काही म्हणाली नाही. जेवताना माझ्या ताटाकडे मात्र पाहायची.

एके दिवशी एक गृहस्थ केळीचा माल पाहायला म्हणून आले. बागेत फिरले, भाव विचारला नाही. घड कच्चा की तयार हेही त्यांना कळत नव्हतं. झाडाआडून ते घराकडेच पाहत होते. आबा मला हळूच म्हणाले, "हा मुलाचा मामा. चौकशीले आला. आधी न्हाव्याकडे बसून आला असंल." आमच्याकडे सोयरीक करण्याआधी असा माणूस पाठवतातच. ज्याच्याकडे तो येतो त्यानं ओळखायचं नसतं, जेवू घालायचं असतं.

भरीत, कळण्याची भाकरी आणि ठेचा असं जेवण झालं. मी ताट उचलायला हात घातला, बहीण दारात उभी होती, मी हात मागे घेतला. मामांनी तेही टिपलं.

"भाऊ," ते मिशा पुसत म्हणाले, "बठ्ठा लोक सांगतस, जो तठे पास व्हस तो तठेच ऱ्हास. तू का बरं परत उना?"

खरं उत्तर साधं होतं. मला परत यायचं होतं. माती आणि पाण्याचं शिकायला गेलो होतो आणि माती आमची इथली होती. पण हे मी गावात दहा जणांना सांगून पाहिलं होतं, आणि दहाही जण डोळे मिचकावून हसले होते.

मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला.

मामा पुढे वाकले. "नापास व्हयना का?"

आबा माझ्याकडे पाहत होते. माझ्याआधी ते बोलणार, हे मला दिसत होतं. त्यांनी तोंड उघडण्याआधीच मी खाली जाजमाकडे पाहिलं आणि हसल्यासारखं केलं. मामांनी त्याचा अर्थ लावला. त्यांचे खांदे सैल झाले. त्यांनी पान मागितलं आणि पहिल्यांदाच केळीचा भाव विचारला.

आठवड्यात होकार आला. कारण नंतर बहिणीकडूनच कळलं. त्यांना मडमेची फारशी काळजी नव्हती. भीती ही होती की विलायतेत पास झालेला मेहुणा उद्या परत जाईल आणि त्यांच्या मुलालाही ओढून नेईल. नापास झालेल्या मेहुण्याचा धोका नव्हता.

मी बहिणीसाठी गप्प राहिलो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. आता त्यावर माझाच विश्वास बसत नाही. पास झालो म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न होता, मग घरी का बसलास? तो मला नको होता.

लग्नानंतर बागेतून येताना आबांनी विचारलं, "खरं सांग, पास झाला व्हता ना तू?"

"झालो होतो, आबा."

"मग तिथं बोलला का नाही?"

मी वाटेतलं केळीचं वाळकं पान उचलून बांधावर टाकलं. पेढ्यांची गोष्ट त्यांनी त्यानंतर कधी काढली नाही.

पुढे मला धुळ्याला नोकरी लागली. दुष्काळाची वर्षं गेली. बहिणीला दोन मुलं झाली. एकदा तिच्या सासऱ्यांनी, नानांनी, मला आणि आबांना शिरपूरला बोलावलं. त्यांच्या धाकट्या मुलाला अमेरिकेला शिकायला जायचं होतं.

"तुलेच इचारानं ठरायं," नाना म्हणाले. "पास व्हयेल माणूस फुशारकी मारस. तू खरं सांगशी."

मी खरं सांगितलं. फुकट कुणी पोसत नाही. पहिले काही महिने मास्तरांचं इंग्रजी कळत नाही आणि कळत नाही हे सांगायची लाज वाटते. आजारी पडलं तर खिचडी स्वतःच टाकावी लागते. मडमा आपल्या कामात असतात, आपल्याकडे बघायला त्यांना वेळ नसतो. मुलगा मन लावून ऐकत होता. मग मी म्हणालो, "आणि पास झालेलेही परत येतात."

"कोण उना असा?"

"मी."

नाना हसले. त्यांनी माझ्या हातावर प्रेमानं थोपटलं. "ऱ्हाऊ दे भाऊ. आते काय त्यानं? तू आमना सोयरा शे."

"खरंच, नाना. मी पास झालो होतो."

बहीण चहा घेऊन आली होती. "मामंजी, भाऊ पासच झाला होता."

"तू त्यानी बहीनच शे," नाना म्हणाले, आणि सगळे हसले, तीही. मग ते आबांकडे वळले. "आबा, तुम्ही सांगा."

आबांनी बशीतला चहा संपवला. बशी खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही.

"पोरगं म्हनतं," ते म्हणाले, "त झाला असंल."