मायाक्काची कोरफड

बिरप्पाला मेंढरांतलं सगळं कळायचं. कोणती उद्या लंगडणार, कोणती आज चरणार नाही, हे तो नुसत्या चालीवरून सांगायचा. एका कोरफडीनं मात्र म्हातारपणी त्याचं डोकं पार फिरवून टाकलं.

ही कोरफड त्याच्या बायकोनं, मायाक्कानं, कुंभारीच्या माळावरून उपटून आणलेली. बारीक पानांची, कडेला काटे, अस्सल रानटी. घराला दृष्ट लागू नये म्हणून तिनं ती काळ्या दोऱ्यानं दारावर उलटी टांगली. मुळं वर, शेंडा खाली. माती नाही, पाणी नाही. पुढं मायाक्का गेली, तरी कोरफड हिरवीच. फक्त शेंडा वाकवून वर बघायला लागलेली. बिरप्पा येता-जाता तिच्याकडं बघून घसा खाकरायचा. बायको होती तेव्हाही त्याचं बोलणं साधारण एवढंच असायचं.

मग पोरानं स्लॅबचं घर बांधलं, जुनं दार निघालं. बिरप्पानं कोरफड अंगणाच्या कडेला मातीत लावली. लई टांगलं, आता जरा सुखानं राहू दे, म्हणाला. ती सुखानं राहिली, फुगली, आणि थंडीत तिच्या मधनं एक दांडा सरळ वर आला.

बिरप्पा दांड्यापुढं उकिडवा बसला. बांधावरची घायपातं त्यानं जन्मभर बघितलेली. घायपाताला असाच मधनं दांडा फुटतो, बांबूएवढा होतो, फुलतो, आणि झाड मरतं. हिची पानं आता तशीच जाड, काटे तसेच. म्हणजे बिनमातीची जगली आणि मातीत घातल्यावर मरायला निघाली?

"कोयत्यानं दांडा उडव," कोपऱ्यावरचा दुकानदार शरणप्पा म्हणाला.

"आन् उडवल्यावर मेली म्हंजे?"

"मग उडवू नको की."

शरणप्पाचा सल्ला असाच, दोन्ही बाजूंनी चालणारा.

नात प्रियदर्शनी सोलापुरात कॉलेजला वनस्पतिशास्त्र शिकत होती. ती सुट्टीला आली तशी बिरप्पानं तिला दांड्यापुढं उभं केलं.

"आज्जा, घायपात येगळं, कोरफड येगळी. घायपात एकदाच फुलतं न् मरतं. ही दरवर्षी फुलंल."

"मग दारावर कवा फुलली न्हाय ती?"

"तितं पानात साठवलेल्या पाण्यावर नुसता जीव धरून होती. ऊन असलं की ती पानावरची बारीक तोंडं मिटून बसती, पाणी उडू नये म्हणून. उघडती ती रात्री."

"आगं, तुझ्या आज्जीनं आणलेली हाय," बिरप्पा म्हणाला. "ती दिवसाची गप बसंल व्हय?"

त्याला पटलं, पण भरवसा बसला नाही. कोयता घेऊन दांड्यापाशी जायचा, उभा राहायचा, परत यायचा. पिवळी फुलं माना खाली घालून लटकली, मधासाठी चिमुकले शिंजीर पक्षी येऊन लोंबकळायला लागले. मग फुलं गळाली आणि दांडा वाळून काडी झाला.

"गेली," बिरप्पा म्हणाला.

"मी म्हणलोच होतो की," शरणप्पा म्हणाला. काय म्हणाला होता, ते त्यालाही आठवत नसावं.

बिरप्पा उकरायला खाली बसला, तर बुडाशी दोन पिलं. त्यानं नातीला फोन लावला. "पिलं घातल्यात गं. पर घायपात बी मरताना पिलं ठेवून जातंय की!"

"आईचं पान दाबून बघा."

बिरप्पानं मेंढीची कास बघावी तसं पान चाचपलं. तुडुंब भरलेलं होतं. तो मातीतच बसून राहिला.

एक पिलू त्यानं नव्या दारावर उलटं टांगलं. मग पुन्हा फोन. "आता ह्यातली मायाक्काची कंची? दारावरची का अंगणातली?"

"दोनी तीच, आज्जा. पिलू मुळातनं फुटलंय, बीतनं न्हाय."

"मेंढीचं कोकरू म्हंजे तीच मेंढी व्हय?"

"मेंढीचं न्हाय. कोरफडीचं तसं असतं."

दुसऱ्या दिवशी मेंढरं घेऊन निघताना बिरप्पा दारात थांबला, वर बघून खाकरला. चार पावलं गेला, घुटमळला, आणि अंगणाच्या कडेला जाऊन तिथंही खाकरला. कुणाला राग यायला नको.