नवा सँडर आणि आईचा एक प्रश्न

मंडळी, दोन तास झाले, माझे कान अजून लाल आहेत. कुंकवाने.

कोपरला आमचं छोटं फर्निचरचं वर्कशॉप आहे. लाकूड घासायला एका जागी बसवायचा सँडर घ्यायचा होता. मी म्हणत होतो पट्टा फिरतो तो बेल्टवाला, बाबा म्हणत होते गोल चकती फिरते तो डिस्कवाला. पंधरा दिवस घरात दुसरा विषय नाही. शेवटी काल कल्याणला जाऊन बेल्ट आणि डिस्क दोन्ही असलेली मशीन उचलली.

आई सोबत आलेली. दुकानात तिने एकच विचारलं, "घासल्यावर भुसा कुठे जातो?"

"अगं, मोटर बघ, मोटर!" बाबा म्हणाले. मीही हसलो.

आज सकाळी पूजा. आईने बेल्टवर, डिस्कवर मूठ मूठ हळदकुंकू वाहिलं. बाबांनी नारळ फोडला आणि मी उत्साहात थेट बटण दाबलं.

क्षणभर काहीच दिसेना. मग बाबांचं टक्कल दिसलं, अर्धं पिवळं, अर्धं लाल. मागे गिऱ्हाइकाचं कालच रंगवलेलं पांढरं कपाट गुलाबी झालेलं.

बाबा डोळे पुसत म्हणाले, "मोटर जोरदार आहे पण."

आईने शांतपणे चष्मा पुसला. "आणि भुसा?"

आता आम्ही तिघं परत कल्याणला निघालोय, भुसा ओढणारी मशीन बघायला. दुकानात आई बोलणार, आम्ही दोघं नुसते उभे राहणार.

तुमच्याही घरात असा हसण्यावारी नेलेला प्रश्न असेल तर लिहा रे. आणि गुलाबी कपाट कोणाला हवं असेल, तर तेही सांगा.