संमतिपत्रावरची सही

आजही सिंहगड रस्त्यावरून धायरीकडे वळलो की ते प्रकरण आठवतं आणि मनाला जरा चुटपुट लागते. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षातली गोष्ट.

सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी चाळत होतो, तेव्हा ठाणे अंमलदाराने एका बाईंना आत पाठवलं. निवृत्त शिक्षिका, वय सत्तरीच्या पुढे, छोट्या बंगल्यात एकट्याच राहणाऱ्या. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर लग्नाचं लॉन्स होणार होतं. त्यासाठी ती जागा निवासी विभागातून व्यापारी विभागात घालायचा प्रस्ताव पालिकेत गेला होता आणि त्याला शेजाऱ्यांची संमतिपत्रं जोडली होती. त्यांत बाईंचंही होतं.

"मी सही केलेली नाही," बाई म्हणाल्या. "भिंतीपलीकडे रोज बँड वाजणार आणि मी त्याला आनंदाने संमती देणार? अजून तेवढं वेड लागलेलं नाही मला."

हरकतींची मुदत संपून गेली होती. सही खोटी ठरली, तरच त्यांचं संमतिपत्र बाद होऊन प्रस्ताव अडणार होता. मी तक्रार अर्ज घेतला आणि कागदपत्रं जमवणाऱ्या एजंटाला बोलावलं. असले एजंट मला चांगले ठाऊक. पहिले दोन तास फार साळसूद असतात. "अहो साहेब, कागद मला सही होऊनच मिळाले," हेच त्याचं पालुपद. मी त्याचा पिच्छा सोडला नाही, कारण चोर तोच, हे मी मनात आधीच ठरवून टाकलं होतं. तिथे माझं चुकलं.

दुपारी बाईंच्या नमुना सह्या घेतल्या. दहाच्या दहा थरथरत्या. संमतिपत्रावरची मात्र ठसठशीत, खाली दोन टिंबं. आमच्या महिला हवालदारांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. "साहेब, नक्कल करणारा आत्ताची सही बघून करील ना? याने कुठली बघितली?"

बाईंनी चष्मा पुसून कागद जवळ घेतला. "मनगट मोडायच्या आधी मी अशी सही करत असे. शाळेत होते तेव्हा."

"ती रोज कुणाच्या बघण्यात होती?" मी विचारलं.

बाईंनी आधी पाणी मागितलं.

"मुलाच्या," त्या म्हणाल्या. "आठवीत गणितात नापास झाला, तेव्हा प्रगतिपुस्तकावर माझी सही त्यानेच ठोकली होती. मला कळलं होतं. मी काही बोलले नाही."

मुलगा आयटीत, राहायला खराडीला. संध्याकाळी आला. मी संमतिपत्र त्याच्यापुढे सरकवलं आणि काहीच विचारलं नाही. अशा वेळी गप्प बसणं फार कामाला येतं. पाच मिनिटांत तो बोलू लागला. "सर, आई एकटी राहते. दोनदा पडली. किती सांगितलं माझ्याकडे चल, ऐकतच नाही. वाटलं, लॉन्स झालं की वैतागून तरी येईल." पार्किंगसाठी लॉन्सवाले आईचाही प्लॉट विकत घेणार होते, हे त्याने जरा उशिराने सांगितलं. मला वाटतं, दोन्ही कारणं खरी असावीत.

बाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. मी त्यांना आडपडदा न ठेवता सांगितलं, "अजून नुसता अर्ज आहे. मागे घेतलात तर मुलगा सुटेल, पण सही तुमचीच ठरेल आणि लॉन्स होईल. गुन्हा दाखल झाला की मग माझ्या हातात काही नाही. उद्या विचार करून सांगा."

"उद्या कशाला? आठवीतच बोलायला हवं होतं. लिहून घ्या."

जबाब त्यांनी स्वतः वाचला, शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त करायला लावल्या आणि मग सही केली.

मुलाला जामीन मिळाला. प्रस्ताव बारगळला. संशयाची सुरुवात परक्यापासून करायची माझी खोड तेव्हापासून गेली, पण ते एका आईला केवढ्याला पडलं, हे मला पुढे कळलं.

निवृत्तीनंतर एकदा त्या बाजूला गेलो होतो, म्हणून त्यांच्याकडे डोकावलो. शेजारचा प्लॉट तसाच मोकळा, गवत वाढलेलं.

"छान शांत आहे हो इथे," मी म्हणालो.

"आहे ना. मुलगाही येत नाही आता. परवा फोन आला होता. पडली नाहीस ना, एवढंच विचारलं. नाही म्हटलं."

आणि त्यांनी चहाचा कप डाव्या हाताने पुढे केला. उजव्या कोपराला पट्टी बांधलेली होती.